ग्रह खरवडायचे की वाऱ्यामागं जायचं?

खानापूरच्या माझ्या भाच्यानं बारावीची परीक्षा संपल्यावर दोन महिने एका दुकानात पावत्या लिहिल्या. त्या पैशातून त्याला कॉम्प्युटरसाठी एक गेम घ्यायचाय. एकच. परवा त्याचा फोन आला.

"मामा, मास इफेक्टची गोष्ट लई भारी हाय म्हणतात, खरं त्यात ग्रह स्कॅन करत बसावं लागतंय म्हणे. आणि त्सुशिमात कोल्ह्याच्या मागनं पळायचं, तेबी पन्नासदा. पैसे घालू काय नको?"

मास इफेक्ट घ्यावा की घोस्ट ऑफ त्सुशिमा, या दोन गेमांत तो अडकलाय. त्याला फोनवर धड उत्तर देता आलं नाही. असाच प्रश्न पडलेले आणखी पुष्कळ जण असतील, म्हणून नीट लिहून काढतोय.

मी बेळगावच्या उद्यमबागमध्ये सीएनसी लेथवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर, काम करतो. एकच जॉब पाळीत दीडशे-दोनशे वेळा लावतो आणि काढतो. त्यामुळं तेच ते काम म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. नव्या जॉबचे पहिले दहा नग हात शिकतो, पुढचे पन्नास कान शिकतो. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, बोथट व्हायला लागला की कापण्याचा आवाज बदलतो आणि मायक्रोमीटर लावायच्या आधीच कळतं, माप जाणार. गेममधल्या कामांनाही मी हीच पट्टी लावतो: दहाव्या खेपेला मला पहिल्यापेक्षा काही जास्त कळतंय का?

मास इफेक्ट: गोळ्यावरून फिरणारं वर्तुळ

२०२१ साली आलेल्या लेजेंडरी एडिशनमध्ये २००७, २०१० आणि २०१२ चे तिन्ही भाग एकत्र मिळतात. पहिल्या भागात माको नावाची सहा चाकांची गाडी घेऊन ओसाड ग्रहांवर हिंडायचं असतं. डोंगर सगळे सारखेच, आणि गाडी चेंडूसारखी उसळायची. लोकांनी तक्रारी केल्या. दुसऱ्या भागात गाडी काढून टाकली आणि तिच्या जागी आलं ते ग्रह स्कॅन करणं.

ते असं चालतं. नॉर्मंडी हे आपलं जहाज ग्रहाजवळ नेलं की पडद्यावर त्या ग्रहाचा गोळा दिसतो. बटण दाबून धरायचं आणि एक वर्तुळ त्या गोळ्यावरून हळूहळू फिरवायचं. बाजूला आलेखाच्या रेघा असतात. खाली खनिज असलं की रेघ उसळते, हातातला कंट्रोलर थरथरतो. तिथं प्रोब, म्हणजे खनिज काढणारं छोटं यान, सोडायचा. खनिजं चारच: पॅलेडियम, प्लॅटिनम, इरिडियम आणि एलिमेंट झीरो. प्रोब संपले की इंधनाच्या डेपोवर जाऊन विकत घ्यायचे, परत यायचं, परत गोळा.

पहिल्या ग्रहावर गंमत वाटते. दुसऱ्यावर हात बसतो. तिसऱ्यापासून हाताला शिकायला काही उरत नाही. वर्तुळ त्याच चालीनं सरकतं, रेघ तशीच उसळते. चुकलात तर फार तर एक प्रोब वाया जातो. माझ्या पट्टीवर हे काम सपशेल नापास.

त्याहून मोठं दुखणं म्हणजे ते येतं कुठं. या भागाची गोष्ट घाईची आहे. माणसांच्या वसाहतीच्या वसाहती गायब होतायत, कमांडर शेपर्डला, म्हणजे आपल्या नायकाला, माणसं जमवून अशा मोहिमेवर जायचंय जिथून परत येण्याची खात्री नाही. एकेक साथीदार काय लिहिलाय! त्यांच्याशी बोलताना छातीत धडधडतं. आणि अशा दोन प्रसंगांच्या मध्ये आपण शांतपणे गोळा घासत बसतो. वरात दारात येऊन उभी आहे आणि घरातली बाई तांदूळ निवडत बसली आहे, असं होतं ते.

तरी हे काम टाळता येत नाही, आणि ते टाळता येत नाही यात गेम बनवणाऱ्यांचा एक प्रामाणिक विचार आहे, हेही सांगायला हवं. खनिजांतून जहाजाच्या सुधारणा होतात. साथीदारांपैकी जेकब चिलखत सुचवतो, टाली ढाल सुचवते, गॅरस तोफ सुचवतो. या तिन्ही करून घेतल्या नाहीत तर शेवटच्या मोहिमेवर जाताना वाटेतच साथीदार मरतात. म्हणजे आज केलेला कंटाळवाणा खटाटोप दहा-पंधरा तासांनी कुणाचा तरी जीव वाचवतो. ही कल्पना मला मनापासून पटते. पेरणीच्या वेळी कष्ट, सुगीला धान्य. पण शेतात नांगरताना मातीचा वास येतो, ओल कळते, बैल कुठं अडतो ते कळतं. इथं त्या कष्टाला काही चवच ठेवली नाही.

तिसऱ्या भागात त्यांनीच हे सुधारलं. वर्तुळ घासणं बरंच कमी झालं. आता एक लहर सोडायची, ती आसपासच्या जागा दाखवते. पण फार लहरी सोडल्या तर शत्रूला, म्हणजे रीपर नावाच्या यंत्रांना, चाहूल लागते आणि ती मागं लागतात. काम तेच, शोधायचं. पण प्रत्येक वेळी आणखी एक लहर सोडू की निघू, हे ठरवावं लागतं. एवढ्यानंसुद्धा जीव आला.

वडगावचा माझा मित्र मात्र उलटं सांगतो

त्याचं घर विणकरांचं. यंत्रमागाच्या खडखडाटात तो वाढला आणि त्याला तो आवाज बंद पडला तरच झोप येत नाही. त्यानं मास इफेक्टच्या दुसऱ्या भागातले सापडतील तेवढे ग्रह स्कॅन केले. का, विचारलं तर म्हणाला, "मी खनिजांसाठी न्हाई केलं. वाचायला केलं."

ग्रहाजवळ गेलं की त्याची माहिती येते: दिवस किती तासांचा, तापमान किती, गुरुत्वाकर्षण किती, आणि खाली एक छोटा उतारा. तिथं कुणी खाण काढायला गेलं आणि बुडालं, तिथं कधी काळी कुणाची वस्ती होती आणि ती कशी संपली. त्या उताऱ्यांचा आवाज नाही, नुसतं वाचायचं. तो मराठी शाळेत शिकलेला, कन्नड बाजारात शिकलेला, आणि इंग्रजी, तो सांगतो त्याप्रमाणं, बरीचशी या ग्रहांवर शिकलेला. अडलेला शब्द वहीत लिहायचा, अर्थ शोधायचा, मग पुढचा ग्रह. ती वही मी पाहिली आहे.

म्हणून मला माझं मत थोडं बदलावं लागलं. हात तिसऱ्या ग्रहाला थांबतो हे खरं. डोळे थांबत नाहीत, पण त्यासाठी वाचायची आवड पाहिजे. ती नसेल तर दुसरा भाग तुम्हाला ठिकठिकाणी रटाळ वाटणार, आणि त्यात तुमची चूक नसेल.

त्सुशिमा: बाण नाही, वारा

घोस्ट ऑफ त्सुशिमा २०२० साली प्लेस्टेशनवर आला, २०२४ च्या मे महिन्यात कॉम्प्युटरवर. गोष्ट १२७४ साली मंगोलांनी जपानच्या त्सुशिमा बेटावर केलेल्या स्वारीची. इथंही तीच तीच कामं पुष्कळ: कोल्ह्यांच्या बिळापासून इनारी देवाच्या ठाण्यापर्यंत जाणं, एकूण ४९ वेळा. बांबू तोडणं. गरम पाण्याच्या कुंडात बसणं. निसर्गाकडं बघत हायकूच्या तीन ओळी निवडणं.

फरक वाटेत आहे. पडद्याच्या कोपऱ्यात छोटा नकाशा नाही, बाण नाही. कुठं जायचं ते वारा सांगतो. गवत त्या बाजूला झुकतं, पानं उडत जातात, आपण घोडा तिकडं वळवायचा. पावसाळ्यात जांबोटीकडून वारा सुटला की भाताच्या तरव्यावर जशी लाट धावते, अगदी तसं. मध्येच एखादा सोनेरी पक्षी येतो आणि भलतीकडं घेऊन जातो. काम शोधावं लागत नाही, जाता जाता ते समोर येतं.

बांबू तोडताना ओळीनं दाबायच्या बटणांची माळ लांबत जाते, तिथं हाताला शिकायला मिळतं. हायकूत चूक-बरोबर नाही, पण डोळे समोरच्या तळ्यावर, राखेवर, कबरीवर टेकवावे लागतात. कुंडात बसल्यावर नायक जिन काय विचार करेल ते आपण निवडतो. आणि यातलं जवळजवळ सगळं सोडून दिलं तरी गोष्ट पुरी होते.

कोल्ह्यांचं मात्र भाचा म्हणतो ते खरं आहे. पहिले आठ-दहा फार गोड. कोल्हा पुढं पळतो, थांबून वळून बघतो, शेवटी त्याला कुरवाळता येतं. विसाव्याला तोच कोल्हा, तोच खडक, तेच ठाणं. मी तिथं थांबलो आणि काही बिघडलं नाही. मंगोलांच्या छावण्या सोडवणंही तिसऱ्या टप्प्यात एकसुरी होतं.

उंचावर चढून काय दिसतं

लहानपणी आम्ही येळ्ळूरच्या राजहंसगडावर जायचो. वर पोचलं की पहिला अर्धा तास भांडणात जायचा: ते शहापूर की हे, आपलं घर त्या झाडामागं की पुढं. कुणी सांगणारं नसायचं म्हणूनच ती चढण परत परत चढावीशी वाटायची.

उंच ठिकाणी चढायचं आणि नकाशा उघडायचा, हा प्रकार असॅसिन्स क्रीड या गेमनं २००७ साली रुजवला आणि मग तो जिकडं तिकडं पसरला. वर चढलं की खालच्या नकाशावर सगळी चिन्हं आपोआप उमटतात. त्यापुढं नजर वापरायची गरज नाही, यादी संपवायची. झेल्डाच्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये (२०१७) असे १५ मनोरे आहेत, पण ते फक्त डोंगर-नद्यांचा आकार दाखवतात. काय बघायचं, कुठं खूण करायची, ते दुर्बिणीतून तुम्ही ठरवायचं. चढण दोन्हीकडं सारखीच. पण झेल्डात मला माझा राजहंसगड सापडला. झेल्डा निन्टेन्डोच्या यंत्रावरच चालतो, म्हणून भाच्याच्या यादीत तो नाही.

असॅसिन्सच्या २००९ च्या दुसऱ्या भागाला एक गोष्ट मात्र साधली. त्यात १०० पिसं गोळा करायची असतात. नुसतं सांगितलं तर बिनकामाचं वाटेल. पण नायकाचा धाकटा भाऊ पिसं जमवायचा, त्याला फाशी दिलं, आणि त्या धक्क्यानं आई बोलायची थांबली. आणलेली पिसं तिच्या खोलीतल्या पेटीत टाकायची असतात. छपरा-छपरावर पीस शोधताना मला कंटाळा आला नाही, गलबलून आलं.

स्टारफील्डबद्दल थोडंच

भाच्याच्या मनात हा तिसरा होता, हजाराहून जास्त ग्रह आहेत म्हणून. मी नको म्हणालो. त्यातल्या शक्ती मिळवायला प्रत्येक वेळी तसल्याच देवळात जायचं, वजन नसलेल्या खोलीत तरंगत प्रकाशाच्या ठिपक्यांमधून जायचं. वीसेक वेळा तेच. हाताला नवं नाही, डोळ्याला नवं नाही, वाचायलाही काही नाही. शिवाय १२५ जीबी जागा आणि एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, लागतेच.

कुणी काय घ्यावं

माझ्यासारखं कामावरून येऊन रात्री तासभर मिळत असेल तर त्सुशिमा. त्या तासात वाऱ्यामागं एक फेरी होते, एखादं कुंड सापडतं, आणि झोपताना काहीतरी पाहिल्यासारखं वाटतं. त्याच तासात मास इफेक्टचे तीन ग्रह घासून उठलात तर हाती काही लागलं नाही असंच वाटेल. त्सुशिमाला ७५ जीबी जागा पुरते, पण ग्राफिक्स कार्ड बऱ्यापैकी हवं.

हातात सलग दिवस असतील, माणसांच्या गोष्टीत जीव रमत असेल, इंग्रजी वाचायची तयारी असेल, तर मास इफेक्ट. तिन्ही भाग एकाच किमतीत येतात आणि जुन्या कार्डावरही तो सुखानं चालतो. जागा मात्र १२० जीबी. फोनच्या रोजच्या दोन जीबी डेटावर ते उतरवायचं म्हटलं तर दोन महिने जातील, कॉलेज सुरू होईल.

भाच्याला मी मास इफेक्टच सांगितला. त्याच्याकडं सुट्टी आहे, कार्ड जुनं आहे, आणि कॉलेजात सगळं इंग्रजीत असणार याची भीती त्याच्या बोलण्यात मला ऐकू आली होती. सोबत एवढंच बजावलं: पहिला भाग सोडू नको, त्यातला शेपर्ड पुढं नेलास तर दुसऱ्या भागात सुरुवातीलाच थोडी खनिजं मिळतात. ज्या ग्रहावर 'रिच' लिहिलेलं असेल तेवढेच स्कॅन कर. जहाजाच्या तिन्ही सुधारणा झाल्या की वर्तुळ ठेवून दे. उतारे मात्र सगळे वाच, आणि त्या वडगावच्या काकांची वही बघून जा.

माझ्या घरी फायबर आहे. येत्या रविवारी तो सीपीयू पिशवीत घालून पहिल्या बसनं बेळगावला येतोय. संध्याकाळपर्यंत डाउनलोड व्हायला पाहिजे, पावसात लाइट टिकली तर.