स्नोफ्लेक: व्हीपीएन अडतं तिथे टोर ब्राउझरचा हा ब्रिज किती कामाचा?

सेन्सॉरशिप असलेल्या देशात व्हीपीएन (तुमची वाहतूक दुसरीकडच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा) नेमकं कशामुळे बंद पडतं, हे आधी पाहू. त्याशिवाय स्नोफ्लेकचं वेगळेपण कळत नाही. व्यावसायिक व्हीपीएनचे सर्व्हर डेटा सेंटरमध्ये असतात, त्यांचे आयपी पत्ते ठरलेले असतात आणि पैसे भरून कोणीही ती यादी मिळवू शकतं. सरकारसुद्धा. दुसरी अडचण प्रोटोकॉलची, म्हणजे जोडणीच्या ठरलेल्या पद्धतीची. वायरगार्ड या व्हीपीएन प्रोटोकॉलचं पहिलं पॅकेट कायम 148 बाइटचं, त्याचं उत्तर 92 बाइटचं. मजकूर एन्क्रिप्टेड असला तरी ही ठेवण लपत नाही, त्यामुळे पॅकेट तपासणाऱ्या यंत्रणेला ते ओळखणं अगदी सोपं जातं. रशियात ऑगस्ट 2023 पासून ओपनव्हीपीएन आणि वायरगार्ड दोन्ही याच पद्धतीने मोठ्या प्रमाणावर अडवले जाऊ लागले. वायरगार्डचं ॲप अशा वेळी चालू असल्याचं दाखवतं, पण पान काही उघडत नाही. ॲपमध्ये आलेल्या डेटाचा आकडा पाहा. तो शून्यावरच असेल तर हँडशेक (जोडणी सुरू करतानाची देवाणघेवाण) झालेलाच नाही, पासवर्ड आणि सर्व्हर बदलत बसण्यात अर्थ नाही.

टोर म्हणजे स्वयंसेवकांच्या सर्व्हरमधून टप्प्याटप्प्याने वाहतूक नेऊन ओळख लपवणारं जाळं. त्याचीही मूळ अडचण हीच आहे. त्याच्या सगळ्या रिलेंची, म्हणजे या सर्व्हरची, यादी सार्वजनिक असते, म्हणून ती सरसकट अडवता येते. रशियाने डिसेंबर 2021 मध्ये तेच केलं. यावर उपाय ब्रिजचा, म्हणजे यादीत नसलेल्या प्रवेशद्वारांचा. त्यातला स्नोफ्लेक जुलै 2021 मध्ये टोर ब्राउझर 10.5 बरोबर सर्वांसाठी आला, आणि सध्या उपलब्ध असलेल्या फुकट पर्यायांमध्ये पहिल्यांदा करून पाहावा असा तोच आहे.

त्याची रचना खरोखर हुशारीची आहे. जगभरातले स्वयंसेवक आपल्या ब्राउझरमध्ये एक छोटं एक्स्टेंशन चालू ठेवतात. तुमचा टोर ब्राउझर आधी ब्रोकरला, म्हणजे जोडणी जुळवून देणाऱ्या सर्व्हरला, विचारतो की आत्ता कोण मोकळं आहे. ही विचारणा एखाद्या मोठ्या सीडीएनच्या (अनेक साइटचा मजकूर पोचवणाऱ्या सेवेच्या) आडून जाते, त्यामुळे ती अडवायची तर त्या सीडीएनवरच्या इतर साइटही अडवाव्या लागतात. ब्रोकर एका स्वयंसेवकाशी जोडून देतो आणि पुढचं बोलणं वेबआरटीसीवरून होतं. ब्राउझरमधले व्हिडिओ कॉल चालतात तेच तंत्र. स्वयंसेवकाचा पत्ता बहुतेकदा घरगुती ब्रॉडबँडचा असतो आणि तो येत-जात राहतो, म्हणून ब्लॉक करायला स्थिर यादीच उरत नाही. स्वयंसेवकाने लॅपटॉप मिटला तरी तुमचं सत्र तुटत नाही. पान काही सेकंद अडकतं, ब्राउझर दुसरा स्वयंसेवक शोधतो आणि काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं.

याचा अर्थ तो अभेद्य आहे असा नाही. डिसेंबर 2021 मध्येच रशियाने स्नोफ्लेकच्या डीटीएलएस (वेबआरटीसीचं एन्क्रिप्शन) हँडशेकमधली एक बारीकशी विसंगती पकडून तो अडवला होता. इराणमध्ये सप्टेंबर 2022 च्या आंदोलनात त्याचा वापर प्रचंड वाढला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकदम कोसळला, कारण ब्रोकरशी बोलताना होणाऱ्या टीएलएस (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) हँडशेकची ठेवण नेहमीच्या ब्राउझरसारखी नव्हती. तुर्कमेनिस्तानात ब्रोकरकडे जाणारी वाट आणि स्टन सर्व्हरचं (थेट जोडणीसाठी संगणकाला त्याचा बाहेरचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचं) नेहमीचं 3478 पोर्ट, दोन्ही अडवले गेले. बहुतेक वेळा दुरुस्ती नंतरच्या आवृत्तीत आली. म्हणूनच जुनी आवृत्ती वापरू नका. सहा महिन्यांपूर्वी पेन ड्राइव्हवर आणलेली फाइल नेमकी गरजेच्या वेळी दगा देते.

चीनचं प्रकरण वेगळं आहे. तिथे नोव्हेंबर 2021 पासून पूर्णपणे यादृच्छिक दिसणारं ट्रॅफिकच संशयित धरलं जातं. जोडणीच्या पहिल्या पॅकेटमध्ये दर बाइटला सरासरी किती बिट 1 आहेत, हे मोजलं जातं. ती सरासरी 3.4 ते 4.6 च्या मधे पडली आणि सूट देणारी दुसरी कुठलीही खूण सापडली नाही, तर जोडणी तोडली जाऊ शकते. ओबीएफएस4 हा टोरच्या ब्रिजचा दुसरा प्रकार मुद्दाम यादृच्छिक दिसतो, म्हणजे त्याची सरासरी 4 च्या आसपास, बरोबर जाळ्यात. शिवाय ब्राउझरमध्ये आधीपासून दिलेले ओबीएफएस4 ब्रिज सगळ्यांना माहीत असल्याने तिथे त्यांचा उपयोग नाही. स्नोफ्लेक किंवा मार्च 2024 मध्ये आलेला वेबटनेल करून पाहावा. वेबटनेल साध्या एचटीटीपीएस साइटसारखा दिसतो.

आता जोडणी. टोर प्रोजेक्टची साइटच बंद असेल तर 'गेटटोर ॲट टोरप्रोजेक्ट डॉट ऑर्ग' या पत्त्यावर मेल पाठवा, उत्तरात डाउनलोडच्या पर्यायी लिंक येतात. ब्राउझर उघडल्यावर लगेच कनेक्टवर टिचकी मारू नका. आधी सेटिंग्ज, मग कनेक्शन, तिथे ब्रिजेसमध्ये बिल्ट-इन ब्रिज निवडायचा पर्याय, त्यात स्नोफ्लेक, आणि मग कनेक्ट. थेट जोडायला गेलात तर टोरच्या ज्ञात रिलेकडे केलेला प्रयत्न तुमच्या इंटरनेट कंपनीला दिसतो, आणि काही देशांत तेवढंही नको असतं.

जोडणी 10 टक्क्यांवर अडकणं ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. अशा वेळी कनेक्शनच्या पानावर तळाशी असलेला टोर लॉग उघडा, तिथे कारण स्पष्ट दिसतं. 'ऑफर क्रिएटेड' नंतर 'ब्रोकर फेल्युअर' असं आलं, तर बहुधा ब्रोकरची वाट बंद आहे. त्यावर टोरच्या सपोर्टकडून दुसऱ्या मार्गाची, उदाहरणार्थ गुगलच्या एएमपी कॅशवरून जाणारी ब्रिज ओळ मागवून हाताने टाकावी लागते. ब्रोकरकडून पीअर मिळाला पण पुढे 'टाइमआउट वेटिंग फॉर डेटाचॅनल' येत राहिलं, तर स्वयंसेवक मिळतोय आणि यूडीपी (वेबआरटीसी वापरतं ती डेटा पाठवण्याची पद्धत) जोडणी जुळत नाहीये. मोबाइल डेटावरच्या कडक नॅटमुळे (अनेकांना एकच आयपी पत्ता वाटून देणाऱ्या व्यवस्थेमुळे) हे वारंवार होतं. वायफायवर जाऊन पाहा, किंवा ब्राउझरला चार-पाच प्रयत्न करू द्या. दोन्हींपैकी काहीच नसेल तर संगणकाचं घड्याळ, तारीख आणि टाइमझोन तपासा. वेळ चुकलेली असली की टोर जोडलाच जात नाही, आणि हे कारण सर्वांत शेवटी लक्षात येतं.

वेगाबद्दल स्पष्टच सांगायला हवं. बातम्या, मेल, विकिपीडिया, मजकूर पाठवणं यासाठी पुरेसा. व्हिडिओसाठी नाही. स्वयंसेवकाचा अपलोड वेग, त्यानंतर टोरचे तीन टप्पे, एवढ्यातून प्रत्येक पान येतं. बँकेची साइट उघडू नका, कारण बाहेर पडण्याचा देश बदलत राहतो आणि खातं गोठू शकतं. कॅप्चाही भरपूर येतात. खिडकीच्या कडेला राखाडी पट्टी दिसते ती बिघाड नव्हे, स्क्रीनचा आकार ओळखीची खूण ठरू नये म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते.

दुबई-अबुधाबीतल्या मराठी मंडळींनी तिथे अडवल्या जाणाऱ्या व्हॉट्सॲप कॉलसाठी याच्याकडे पाहू नये. टोर फक्त टीसीपी या पद्धतीचा डेटा वाहतो, कॉलचा आवाज यूडीपीवरून जातो. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तिथल्या 2021 च्या 34 क्रमांकाच्या कायद्यानुसार गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलल्यास 5 लाख ते 20 लाख दिरहम दंड होऊ शकतो. परवानगी असलेलं बोटिमसारखं ॲप वापरणंच शहाणपणाचं.

एक धोका टोरच्या चाहत्यांकडून सहसा सांगितला जात नाही. स्वयंसेवकाला तुमचा आयपी पत्ता दिसतो. तुम्ही काय पाहता ते दिसत नाही, पण स्वयंसेवक कोणीही होऊ शकतो, पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेचा माणूससुद्धा. टोर वापरतो एवढं कळणंच ज्याला महागात पडेल, त्याने विश्वासातल्या माणसाने चालवलेला खासगी ब्रिज घ्यावा. आणि इंटरनेट मुळातूनच बंद केलेलं असेल, तर स्नोफ्लेक किंवा कुठलंच व्हीपीएन चालणार नाही. त्यांना वाहायला जाळं लागतं.

महाराष्ट्रात बसून या कामाला हातभार लावणं मात्र सहज शक्य आहे. फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये स्नोफ्लेकचं एक्स्टेंशन घाला, बस. कोणी जोडलं गेलं की त्याचं चिन्ह हिरवं होतं आणि गेल्या 24 तासांत किती जणांना उपयोग झाला तो आकडा दिसतो. वाहतूक तुमच्याकडून टोरच्या ब्रिजकडे जाते, त्यामुळे समोरच्या साइटला तुमचा आयपी दिसत नाही. फोनवर ऑरबॉट ॲपमधल्या काइंडनेस मोडने हेच होतं. त्यात फक्त वायफायवर चालवण्याची खूण आवर्जून करा, नाहीतर रोजचा डेटा त्यातच जाईल.