भरीत खाऊन घेतलेले स्पीकर

नव्वद हजार रुपये गेले. लाज वाटते, तरी लिहितोय, कारण तो माणूस अजून धंद्यात आहे.

आमची यावलकडे केळी. मागच्या कापाचे पैसे हातात होते आणि डोक्यात कित्येक वर्षांपासून एकच जोडी होती, एलएस ३/५ए. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बीबीसीने १९७० च्या दशकात स्टुडिओबाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या आपल्या गाड्यांसाठी हा स्पीकर तयार केला. गाडीत जागा कमी, म्हणून पेटी जेमतेम फूटभर उंच आणि चारी बाजूंनी बंद. आत केईएफ कंपनीचे दोन ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग: जाड आवाजाला बी११० वूफर आणि बारीक आवाजाला टी२७ ट्वीटर. रॉजर्स, स्पेंडॉर, हारबेथ वगैरे कंपन्यांनी परवाना घेऊन ते विकले. आधीचे १५ ओहमचे, नंतरचे ११ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). माणसाचा गळा ऐकावा तर यांच्यावरच, असं मानणारे लोक आहेत. मीही त्यातलाच.

जाहिरात दिसली ती १५ ओहमची. ‘काकांनी इंग्लंडहून आणलेले, १ लाख १५ हजार.’ फोन केला तर म्हणाला, ‘भाऊ, आधी ऐकायला तर या. रविवारी भरीत आहे घरी.’

जानेवारीचे दिवस. जळगावला त्याच्या घरी पोचलो तेव्हा मागच्या अंगणात पऱ्हाट्यांवर वांगी भाजणं चालू होतं. साल काढून, बडगीत ठेचून, वर कांद्याची पात. सोबत कळण्याच्या पुऱ्या. मी दोनदा मागून घेतलं. आता वाटतं, सौदा तिथेच झाला होता.

मग बैठकीत स्पीकर लावले. स्टँडवर जोडी, मागे भिंतीला दिवाण, त्यावरची चादर पार फरशीला टेकलेली. ख्याल लावला. डग्ग्यावर हात पडला की छातीत घुमायचं. ‘काय भो, कसं वाटतं?’ मी काय बोलणार, अंगावर काटा होता.

इथे मी जागं व्हायला हवं होतं, कारण या स्पीकरवर इतकं वाचलेलं होतं मी. एवढीशी बंद पेटी, पाच इंची वूफर. ८० हर्ट्झच्या खाली तिचा आवाज उतरत जातो. डग्गा ऐकू येतो, छान येतो, पण छातीत घुमत नाही. घुमत होता तो दिवाणाखालचा सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर. मी त्या बाजूला सरकलो तर हा म्हणाला, ‘तिकडं अंथरुणं कोंबलीयेत, बसा ना इकडं.’ दुसरी खूण म्हणजे त्याच्या अॅम्प्लिफायरचं, म्हणजे अॅम्पचं, आवाजाचं बटण पाव फेराही फिरलं नव्हतं आणि खोली भरली होती. खऱ्या जोडीची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरला निघणारा आवाज, ८३ डेसिबलच्या आसपास असते. हल्लीचे बरेच स्पीकर ८९ च्या घरातले. सहा डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला चौपट पॉवर लागते. हे स्पीकर ढकलावे लागतात, आपोआप धावत नाहीत.

‘पुढचं कापड काढून बघू का?’ असं मी विचारलं होतं, तेवढं श्रेय मला द्या.

‘बघा की. पण वेल्क्रो जुनं आहे, ओढताना कापड फाटलं तर वाईट मलाच वाटेल.’

मी हात मागे घेतला. ज्याच्या बडगीतलं भरीत दोनदा मागून खाल्लं, त्याच्या पेटीचे स्क्रू कसे खोलायचे? नव्वदला तोडलं. सत्तर हजार रोख, वीस फोनवरून. त्याने स्वतः खोक्याला सुतळी बांधली आणि निघताना पिशवीभर वांगीही दिली.

घरी लावले तर गाणारा डब्यात तोंड घालून गातोय. चार दिवस मी माझ्या अॅम्पला, वायरीला, खोलीच्या पत्र्याला दोष दिला. पाचव्या दिवशी फैजपूरचा एक टीव्ही-रिपेअरवाला मित्र आला आणि त्याने सरळ कापड उपसलं. काही फाटलं नाही. खऱ्या जोडीत ट्वीटरच्या चारही बाजूंना फेल्टच्या जाड पट्ट्या असतात, इथे नुसती फळी. वूफरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, कागदी, खरा बेक्स्ट्रीन प्लॅस्टिकचा असतो. मॅग्नेटवर बी११० चा एसपी१००३ आणि टी२७ चा एसपी१०३२ हे नंबर हवेत, ते कोरे. जाड-बारीक आवाज दोन ड्रायव्हरांत वाटून देणारा क्रॉसओव्हर म्हणून मोठ्या कॉइलांनी भरलेलं बोर्ड असायला हवं, तिथे ट्वीटरच्या पायाला डकवलेला एक पिवळा कपॅसिटर. पेटीही बर्च प्लायची नाही, एमडीएफ, वर सागवानी व्हिनियर. व्हिनियर मात्र सुरेख हो, काम करणाऱ्याच्या हाताला तोड नाही.

मित्राने दोन्ही पेट्या पालथ्या घातल्या आणि हसायलाच लागला. मागच्या लेबलवर दोघींचा सिरियल नंबर एकच. खऱ्या जोडीत नंबर लागोपाठचे असतात, नाहीतर एकाच नंबरापुढे ए आणि बी असतं. नखाने कोपरा उचलला तर साधा स्टिकर कागद. ‘एका नंबरच्या दोन फटफट्या दिसल्या तर पोलीस धरतात,’ तो म्हणाला, ‘तू पैसे देऊन आलास.’

जळगावला गेलो तर घर रिकामं. मालक म्हणाला, तीनच महिने भाड्याने होता. ठाण्यात अर्ज दिला आहे, कलम ३१८, म्हणजे जुनं ४२०. पुरावा फक्त त्या वीस हजारांचा. सत्तर हजार मी कुणाला दिले, ते मलाच माहीत. तुम्ही असं काही घ्यायला गेलात तर आपला अॅम्प घेऊन जा, खिशात स्क्रूड्रायव्हर ठेवा, पैसे बँकेतूनच द्या. आणि जेवण उरकूनच घराबाहेर पडा.

गेल्या आठवड्यात धुळ्याची एक जाहिरात दिसली. फोटोत तोच दिवाण, तीच फरशीपर्यंतची चादर. मेहुण्याच्या फोनवरून त्यालाच बोलायला लावलं, मी शेजारी कान लावून. किंमत वगैरे झाली, पत्ता झाला.

‘रविवारी या ना भाऊ,’ पलीकडून तोच गोड आवाज. ‘भरीत खाता ना?’