परळचं कामगार सल्ला केंद्र: मॅनेजमेंट बोलणीला बसत नसेल तर इथे जा

युनियनला मान्यता मिळाली, मागणीपत्र दिलं, तरी मॅनेजमेंट दाद देत नाही, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. परळ-लालबागच्या मधे एका जुन्या चाळीत, पहिल्या मजल्यावर, संध्याकाळी कामगारांना कायद्याचा सल्ला मिळतो. आमचं प्रकरण अजून कोर्टात आहे, म्हणून केंद्राचं आणि कंपनीचं नाव देत नाही. त्या भागातल्या कुठल्याही जुन्या युनियन ऑफिसात विचारलंत तर जागा दाखवतील. सल्ल्याचे पैसे घेत नाहीत. टायपिंग, झेरॉक्स आणि कोर्टाचा खर्च आपला.

मी अंधेरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे, युनियनची सेक्रेटरीही आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली, म्हणजे युनियनच्या मान्यतेच्या आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याच्या ज्या कायद्याला आपण एमआरटीयू-पल्प म्हणतो त्याखाली, आमच्याकडे मान्यतेचं प्रमाणपत्र होतं. कारखान्यात पन्नासहून कमी कामगार नकोत, मागचे सहा महिने ३० टक्के सभासद दाखवायचे, ते सगळं आम्ही केलं होतं. कंपनीने बैठकीला ‘नाही’ असं कधी म्हटलंच नाही. दर वेळी एचआरचा कुणी नवा मुलगा यायचा, चहा मागवायचा, ऐकून घ्यायचा आणि ‘वर विचारून कळवतो’ म्हणायचा. पुढे काही कळायचं नाही.

केंद्रातले काका मूळचे गिरणी कामगार, १९८२ च्या संपातले. तेव्हा जुन्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे वाटाघाटीचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता आणि कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते, म्हणजे कामगार एकीकडे आणि बोलणीचा कायदेशीर हक्क दुसरीकडे. त्यामुळे प्रमाणपत्राची किंमत काकांना कुणी शिकवायला नको. त्यांनी पहिल्याच भेटीत आम्हाला एक वही घालायला लावली. कुठलं पत्र कधी दिलं, इनवर्डचा शिक्का आहे का, बैठकीला कंपनीकडून कोण आलं, त्याला सही करायचा अधिकार होता का, काय बोलला. ‘ताई, ते बोलत नाहीत असं कोर्टाला सांगून भागणार नाही. ते बोलण्याचं नुसतं नाटक करतात, हे कागदावर दिसू दे.’

त्या वहीवरून केंद्रातल्या वकील मॅडमनी तक्रार तयार केली. मान्यताप्राप्त युनियनशी प्रामाणिकपणे सामुदायिक वाटाघाटी करायला नकार देणं, ही कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत पाचव्या क्रमांकाची अनुचित कामगार प्रथा. तक्रार ९० दिवसांत करायची असते, हेही लक्षात ठेवा. कलम ३० खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश मागताना मॅडमनी एकेक गोष्ट मांडली: पगाराचा निर्णय घेऊ शकणारा अधिकारी हजर पाहिजे, बैठकांच्या तारखा ठरलेल्या पाहिजेत, प्रत्येक मागणीला लेखी उत्तर पाहिजे, मिनिट्सवर, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीवर, दोन्ही बाजूंच्या सह्या पाहिजेत. आदेश बराचसा तसाच मिळाला. कोर्टात जाणाऱ्या प्रत्येक युनियनने एवढं तरी उचलावं. ‘वाटाघाटी करा’ असा मोघम आदेश मोडला हे सिद्ध करताना जीव जातो. ठरलेली तारीख चुकवली, हे एका पत्राने सिद्ध होतं.

मग कंपनी हायकोर्टात गेली आणि पुढची बैठक रद्द केल्याचं पत्र आलं. आमच्या लाइनवरच्या बायका हवालदिल झाल्या. मॅडमनी फॅक्टरीच्या गेटवर येऊन सगळ्यांना समजावलं, की याचिका दाखल झाली म्हणून स्थगिती मिळत नाही, आणि स्थगिती नाही तोवर आदेश लागू आहे. तो पाळला नाही तर कलम ४८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. हा खटला कामगार न्यायालयात चालतो आणि मान्यताप्राप्त युनियन स्वतः फिर्याद करू शकते. पाच हजार! एवढ्या दंडाने कुठली कंपनी हलणार? या आकड्याची मला चीड येते. पण मॅडमनी नोटीस कंपनीबरोबर जबाबदार अधिकाऱ्यांच्या नावानेही पाठवली, कारण तुरुंगात माणूस जातो. पुढच्या बैठकीला प्लांट हेड स्वतः आले.

पगारवाढ मात्र आदेशाने मिळत नाही, हे केंद्रात आधीच स्पष्ट सांगतात. मॅडमनी अमेरिकेतलं एक प्रकरण सांगितलं होतं. तिथलं राष्ट्रीय कामगार संबंध मंडळ मालकाला वाटाघाटीचा हुकूम देतं, पण मालकाने तो मानला नाही तर मंडळाला अपील कोर्टाकडून अंमलबजावणीचा आदेश आणावा लागतो. तो मोडला की मग कोर्टाचा अवमान. एच. के. पोर्टर कंपनीत युनियनला १९६१ मध्ये मान्यता मिळाली. वर्गणी पगारातून कापायला कंपनी वर्षानुवर्षं तयार होईना. शेवटी १९७० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की मंडळ मालकाला बोलायला लावू शकतं, अट कबूल करायला लावू शकत नाही. हे ऐकलेलं असल्यामुळे आम्ही सभासदांना खोटी आशा लावली नाही. आतापर्यंत कँटीन आणि सेकंड शिफ्टच्या बायकांसाठी बस, एवढ्यावर सह्या झाल्यात. पगारावर बोलणी चालू आहेत.

उणिवाही आहेत. फोन क्वचितच उचलतात. मॅडम एकट्या, प्रकरणं ढीगभर, त्यामुळे तारखेला कधी ज्युनिअर येतो आणि त्याने वही पाहिलेलीही नसते. कामगाराने खाडा करून तारखेला यायचं आणि वकिलाला प्रकरण माहीत नसावं, हे बरोबर नाही. काकांना मी हे सांगितलंय.

प्रकरण नवीन असेल तर सर्वांत आधी विचारा, की कुठल्या कायद्याखाली जायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारची औद्योगिक संबंध संहिता हा नवा कायदा लागू झालाय, आणि त्यात एकाहून जास्त युनियन असतील तर वाटाघाटीचा एकटीचा हक्क मिळायला ५१ टक्के कामगार मागे लागतात. जाताना मान्यतेचं प्रमाणपत्र, मागणीपत्राची पोच आणि वर्गणीच्या पावत्यांची झेरॉक्स न्या. मूळ पावतीपुस्तकं कुणाकडेही सोडू नका, सभासदसंख्येचा पुरावा तोच आहे.