होडीसाठी घेतलेले जुने मीटर आणि विजेचे सुटे भाग : आठ महिन्यांच्या वापरानंतर

येलदरीच्या जलाशयात मासेमारीसाठी आम्ही दोघे भाऊ १८ फुटी फायबरची होडी वापरतो आणि तिला ४० अश्वशक्तीचे पेट्रोलवर चालणारे आउटबोर्ड इंजिन आहे. गेल्या दिवाळीपूर्वी पॅनेलमध्ये पाणी शिरून तिचे इंधनाचे मीटर, आरपीएम मीटर (इंजिनचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारे) आणि व्होल्टमीटर असे तिन्ही बंद पडले. जिंतूर-परभणीत असले भाग मिळेनात आणि नवा संच परवडेना, म्हणून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठली आणि दारूखान्यात, जिथे तोडलेल्या जहाजांचे सामान विकले जाते, तिथे तीन मीटर, एक स्विच पॅनेल आणि तळातले पाणी उपसण्याचा एक पंप घेतला. मोठ्या जहाजांवरचे पुष्कळसे सामान २४ व्होल्टचे असते आणि आमची बॅटरी १२ व्होल्टची, त्यामुळे निम्मा ढीग हात न लावताच बाद झाला.

इंधनाच्या मीटरने पहिला धडा दिला. पेट्रोलने भरलेल्या टाकीवर काटा खाली बसे आणि टाकी रिकामी होत जाई तसा वर चढे. मीटर बिघडले असे समजून मी ते दोनदा उघडले, पण दोष त्यात नव्हताच. आमच्या टाकीतला फ्लोट, म्हणजे इंधनाची पातळी मीटरला कळवणारा तरंगता भाग, अमेरिकी पद्धतीचा आहे, म्हणजे रिकाम्या टाकीला सुमारे २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम रोध देणारा. विकत घेतलेले मीटर मात्र युरोपीय पद्धतीचे होते, ज्यात रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८० ओहम लागतात. हे दुकानातच कळले असते. मीटरला बॅटरी जोडून फ्लोटची तार क्षणभर अर्थला टेकवावी. काटा पूर्ण भरलेल्या खुणेकडे गेला तर मीटर अमेरिकी पद्धतीचे, रिकाम्याकडे गेला तर युरोपीय. मल्टिमीटर आणि छोटी बॅटरी पिशवीत नसेल तर असल्या खरेदीला जाऊच नये, असे माझे मत झाले आहे. मीटर बदलून मिळाले, पण दुसऱ्या फेरीचे गाडीभाडे अंगावर पडले.

आरपीएम मीटर चांगले निघाले, फक्त इंजिन मंद चालत असताना ८०० ऐवजी १२०० दाखवी. मीटरच्या पाठीमागे इंजिनच्या अल्टरनेटरनुसार फिरवायची छोटी खटकी असते. आमच्या इंजिनच्या अल्टरनेटरकडून मीटरला एका फेऱ्यात विजेचे ६ स्पंद मिळतात आणि खटकी ४ वर होती, त्यामुळे आकडा दीडपट येत होता. ती योग्य जागी आणताना चार-सहा वेळा मागेपुढे फिरवली, कारण जुन्या मीटरमध्ये तिचे आतले स्पर्शबिंदू मळलेले असतात. व्होल्टमीटरबद्दल सांगण्यासारखे काही नाही. तो पहिल्या दिवसापासून बिनतक्रार चालू आहे.

स्विच पॅनेल आणि पंप यांचा अनुभव मात्र वाईट आला. समुद्रावरून आलेल्या तारा बाहेरून ठीक दिसतात. टोक सोलले की आत तांबे काळे पडलेले, आणि तारेच्या टोकाला बसवलेले जोडणीचे थिंबल कळकलेल्या पितळी भांड्यासारखे हिरवट. जूनच्या पहिल्या पावसात पंप जेमतेम पाणी टाकू लागला. मोजले तेव्हा पंप चालू असताना बॅटरीवर १२.५ व्होल्ट आणि पंपाशी १०.७ व्होल्ट आढळले. उरलेला विजेचा दाब त्या जुन्या स्विचमध्ये आणि तारेत खर्ची पडत होता. दोन्ही बदलल्यावरही पंपाचा आवाज खरखरीत राहिला, पुढच्याच महिन्यात त्याचे बेअरिंग गेले आणि नवा पंप घ्यावाच लागला. गावातल्या मिस्त्रीने त्या स्विचच्या जागी ट्रॅक्टरचा स्विच सुचवला होता. मी नको म्हणालो, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने होडीच्या तळाशी साचते आणि साध्या स्विचमधली ठिणगी तिथे भडका उडायला पुरेशी असते. आता कलई चढवलेल्या तांब्याची नवी तार ओढली आहे आणि बॅटरीजवळच फ्यूज बसवला आहे.

आणखी एक तक्रार आहे, पण ती विक्रेत्याची नव्हे, आमच्या उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत इंधनाच्या मीटरची आधीच पिवळसर असलेली काच इतकी धुरकट झाली की भर दुपारी काटा दिसेना. आता होडी काठाला लागली की पॅनेलवर ओले गोणपाट टाकतो.