मराठी संख्याकार्डे आणि मणीमाळ : तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी एक संच

संख्यांची नावे मराठीत अक्षरी छापलेली आहेत, म्हणून मी हा संच निवडला. पुठ्ठा जाड आहे, अक्षर ठळक आहे आणि मणीमाळेतले शंभर मणी दहा-दहांच्या गटांत दोन रंगांचे आहेत.

एक ते दहाच्या चित्रकार्डांवर मात्र अधिक विचार व्हायला हवा होता. दहापर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाकडे तीन मणी मागितले, तर ते पुष्कळदा मूठभर मणी पुढे करते. मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९०च्या सुमारास केलेल्या अभ्यासांतून दिसले की मूल आधी ‘एक’चा, काही महिन्यांनी ‘दोन’चा, मग ‘तीन’चा अर्थ आत्मसात करते आणि मोजण्याचे मर्म त्याला त्यानंतरच उमगते. या टप्प्यावर व्याकरण मदतीला येते : ज्या स्लोव्हेनियन भाषेत द्विवचन, म्हणजे दोन वस्तूंसाठी शब्दाचे वेगळे रूप, आहे, तिथली मुले ‘दोन’ लवकर शिकतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मराठीत द्विवचन नाही, तरी ‘एक आंबा, दोन आंबे’ हा फरक कानाला स्पष्ट जाणवतो. संचातली चित्रे नेमकी चेंडू, लाडू आणि हत्ती यांची आहेत, ज्यांचे रूप अनेकवचनात बदलतच नाही. त्याऐवजी मासा, घोडा, फूल हवे होते.

दशकांची कार्डे मात्र उत्तम आहेत. चिनी भाषेत अकराला ‘दहा एक’ म्हणतात, त्यामुळे दशक नावातच दिसते. मराठी मुलाला ‘बावीस’मध्ये आधी सुटे ऐकू येतात आणि लिहिताना आधी दशक मांडावे लागते. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ असे वाचन दिले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका मांडली. या संचात ‘वीस’च्या कार्डावर ‘दोन’ ठेवले की २२ तयार होतात, आणि सोबतच्या पट्टीवर ‘वीस दोन’ व ‘बावीस’ ही दोन्ही वाचने आहेत. मला हीच मांडणी योग्य वाटते, कारण बाजारात आणि घरात ‘बावीस’च कानावर पडणार आहे, आणि तरीही त्यातले दशक मुलाला दिसायलाच हवे.

माहितीपुस्तिकेत एकोणतीस, एकोणचाळीस यांविषयी काहीच नाही. मणीमाळेवर तीस मणी सरकवून एक मागे घेतला की ‘एकोणतीस’ हे नाव डोळ्यांना दिसते. ही कृती एकोणनव्वदपर्यंत चालते, नव्व्याण्णवला चालत नाही, हेही पुस्तिकेत छापायला हवे.