थायरॉइडची गाठ जाळून घेतली, त्याला आता वर्ष होत आलं

आधी निकाल सांगते. आवाज शाबूत आहे, गळ्यावर टाका नाही, थायरॉक्सिनची गोळी लागली नाही. पण ‘एकदा जाळली की सुटलो’ म्हणणाऱ्यांसाठी आरएफए (सुईतून रेडिओलहरींची उष्णता देऊन गाठ जाळायचा हा उपचार) नव्हे.

माझी गाठ पॅपिलरी नावाच्या थायरॉइड कॅन्सरची. एकच, सेंटिमीटरहून लहान, मानेतले लिम्फ नोड सोनोग्राफीत स्वच्छ. असल्याच गाठींसाठी याचा विचार होतो. पसरलेली असेल तर ऑपरेशन. सर्जननी नुसतं लक्ष ठेवायचा पर्यायही दिला होता. जपानात कोबेच्या कुमा हॉस्पिटलात १९९३ पासून तसं करतात. मला नसतं झेपलं. वाळपईत शाळेत शिकवते, जत्रेच्या नाटकात पदं म्हणते. गळ्यात कॅन्सर आहे हे माहीत असताना सूर कसा लागणार?

गोव्याबाहेर जाऊन केलं. भूल फक्त मानेला. आधी ग्रंथी आणि आवाजाची नस यांच्यामध्ये डेक्स्ट्रोजचं थंड पाणी सोडलं, नसेला आच लागू नये म्हणून. सलाइन का नाही, विचारलं; मिठाच्या पाण्यातून वीज वाहते म्हणाले. मग सुई. ती तापली की सोनोग्राफीच्या पडद्यावर पांढरे बुडबुडे उठतात आणि कळ जबड्यातून कानात जाते. मध्येच डॉक्टर म्हणाले, “बाई, बोलत राहा.” आवाज बसतोय का ते त्यांना ऐकायचं होतं. मी सतराचा पाढा धरला. सतरा पाचे पंच्याऐंशीला जी कळ आली, ती अजून आठवते.

पहिल्या सोनोग्राफीत गाठ आधीपेक्षा मोठी! ह्यांचा चेहराच उतरला. पण कडेची थोडी निरोगी ग्रंथीही मुद्दाम जाळतात, तो सगळा भाग मिळून मोठा दिसतो. पुढे शरीर मेलेल्या पेशी हळूहळू शोषून घेतं. आता तिथे बारीक वण आहे. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, नॉर्मल.

खटकलेलं एकच, पण मोठं. ऑपरेशनमध्ये काढलेली ग्रंथी तपासायला जाते, इथे हातात काहीच येत नाही. जे कळायचं ते आधीच्या एफएनएसी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून केलेली तपासणी) आणि सोनोग्राफीवर. म्हणून पुढची कित्येक वर्षं तपासण्या चुकत नाहीत. विमावाल्यांनी ‘एवढ्याशा वेळाची कसली ॲडमिशन’ म्हणून पत्रांवर पत्रं लिहायला लावली, ते वेगळंच.

शक्य असेल तर सोनोग्राफी दरवेळी एकाच डॉक्टरांकडे करा आणि लांबी, रुंदी, खोली अशी तिन्ही मापं रिपोर्टात मागून घ्या. नुसतं ‘गाठ कमी झाली आहे’ लिहिलेल्या कागदावरून पुढच्या वेळी काही ताडता येत नाही.