वाढे, बिअरचा चोथा की डीडीजीएस? सांगलीकडच्या गोठ्यासाठी हिशेब

सरकी पेंडीचा खर्च परवडेना झाला की वाळवा, पलूस, कडेगावकडचे दूध उत्पादक तीन गोष्टींकडे वळतात. उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला), बिअर कारखान्यातून निघणारा बार्लीचा ओला चोथा आणि धान्यापासून इथेनॉल करताना उरणारं डीडीजीएस. तिन्ही उरलेला माल, तिन्ही स्वस्त म्हणून विकले जातात. पण एकाचं काम दुसरा करत नाही.

वाढे हा चारा आहे, खुराक नव्हे. सुक्या अंशात प्रथिनं जेमतेम 5-6 टक्के. तोडणी सुरू झाली की फडातून भरपूर मिळतात, म्हणून कित्येक गोठ्यांत दोन्ही वेळा वाढेच पडतात. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं आणि ते जनावराला मिळत नाही. ताजी व्यायलेली गाय अचानक बसली, उठेना, तर आधी काय खात होती ते विचारा. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा आणि गायीला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. हंगामातच कुट्टी करून, दाबून, हवाबंद मुरघास केला तर उन्हाळ्यात चाऱ्याची ओढ कमी होते. पेंड मात्र त्याने वाचत नाही.

पेंडीला पर्याय म्हणून खरी निवड उरलेल्या दोघांत आहे. ओला चोथा किलोमागे फार स्वस्त वाटतो आणि इथेच बहुतेक जण फसतात. त्यात 75-80 टक्के पाणी असतं. 100 किलो चोथ्यात सुका अंश साधारण 22 किलो, त्यात पाव हिस्सा प्रथिनं धरली तर हाती साडेपाच किलो. मक्याच्या 100 किलो डीडीजीएसमध्ये जवळपास 25 किलो प्रथिनं येतात. म्हणजे गाडीभाड्यासकट गोठ्यापोहोच चोथ्याचा दर डीडीजीएसच्या दराच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असेल तरच तो स्वस्त. नाहीतर आपण पाण्याचं भाडं भरतोय.

शिवाय तो टिकत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन दिवसांत आंबतो. पिंपात घट्ट दाबून हवाबंद ठेवला तर टिकतो, पण उघडल्यावर वरचा थर बघून समाधान मानू नका. कोपरापर्यंत हात घालून मधली मूठ काढा. कुबट वास आला, पांढरे-हिरवे धागे दिसले तर सरळ उकिरड्यावर. जनावरांना चोथा आवडतो, दूधही चढतं, हे खरं आहे. मोठ्या गायीला रोज 8-10 किलोच्या वर जाऊ नका.

डीडीजीएस पोत्यात येतं, टिकतं. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, मक्याचं इथेनॉल वाढलं आणि हा मालही बाजारात वाढला. (आपल्या साखर कारखान्यांच्या मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीतून हे निघत नाही, तिथे विचारून उपयोग नाही.) मक्यातला स्टार्च निघून गेल्यावर प्रथिनं जवळपास तिप्पट होतात. पण मका बुरशीचा असेल तर त्या बुरशीचं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिनही तिप्पट होतं, आणि ते दुधात उतरतं. दुधात त्याची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे आणि उकळून ते जात नाही. हे दूध आपल्याच पोरांच्या पेल्यात जातं, म्हणून इथे काटकसर मला मान्य नाही. पोत्यातली मूठभर भुकटी पांढऱ्या कागदावर पसरा. सोनेरी पिवळी असेल तर चांगली. काळपट, करपट वासाची असेल तर ती जास्त भाजलेली आहे आणि त्यातली प्रथिनं नीट पचत नाहीत. अफ्लाटॉक्सिन मात्र डोळ्यांना दिसत नाही, ते तपासणीतच कळतं.

भाजी मंडईतला टाकाऊ माल आणि लग्नातलं उरलेलं अन्न या स्पर्धेत नाहीत. प्लॅस्टिक पोटात जातं, आणि भाताने पोटात आम्ल वाढून गाय आडवी पडते.

चार-पाच गायी असतील तर माझं मत डीडीजीएसच्या बाजूने आहे, खुराकाच्या पाव हिश्श्यापर्यंत. पंधरा-वीस गायी, कारखाना जवळ आणि दोन दिवसांत गाडी संपणार असेल तर चोथा घ्या. दोन्हींत कॅल्शियम कमी असतं, त्यामुळे खनिज मिश्रण चालूच ठेवा. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. आणि पहिलं पोतं घेताना प्रथिनांची टक्केवारी आणि अफ्लाटॉक्सिन तपासणीचा आकडा लेखी मागा. टाळाटाळ झाली तर दुसरा व्यापारी बघा.